सिस्टरचा बैल

“हालू नको.”

एवढं म्हणून त्या सुई टोचायच्या. आवाज चढलेला नसायचा, डोळे वटारलेले नसायचे. पण या दोन शब्दांनंतर हललेला माणूस मी सेलूत पाहिलेला नाही. आमच्या गल्लीतल्या एका पैलवानाला एकदा कुत्रा चावला. गडी दवाखान्यात खिडकीचे गज धरून, डोळे मिटून उभा राहिला. सुई झाली, कापूस लावून झाला, पुढचा पेशंट आत आला, तरी हा उभाच. शेवटी सिस्टरनाच सांगावं लागलं, “झालं बापा. आता हाल.”

माझं साड्यांचं दुकान आहे, आणि गावात कुठलाही कार्यक्रम असला की माइक माझ्या हातात येतो. सगळी जिंदगी “ही पाहा ताई, ही तुमच्यावर खुलून दिसेल” असं म्हणण्यात गेली, तेव्हा सांगताना थोडा मीठमसाला पडणारच, हे तुम्ही धरून चाला. पण बैलाबद्दल जे सांगणार आहे त्यात चिमूटभरही नाही. तिथे गरजच पडली नाही.

सिस्टर आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. वर्ध्याजवळच्या आमच्या सेलूच्याच सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. त्यांना नाव असावं, रेशनकार्डावर ते छापलेलंही असावं. पण ते वापरताना कोणी सापडलं नाही. त्यांचे यजमान शाळेत मास्तर होते. तेसुद्धा बायकोला “सिस्टर, चहा” म्हणायचे, आणि त्या त्यांना “सर”. नव्या पाहुण्याला घटकाभर नात्याचा अंदाज यायचा नाही. यजमान गेले, मुलगा प्रशांत पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत रमला, आणि सिस्टर एकट्या राहू लागल्या. एकट्या म्हणजे आपलं म्हणायचं. सकाळपासून त्यांच्या घरापुढच्या छपरीत बीपी तपासून घेणाऱ्यांची बैठक असायची. निम्म्यांना बीपी नव्हतं, त्यांना फक्त चहा हवा असायचा.

त्यांच्या उजव्या हाताचं पहिल्यांदा माझ्या बायकोच्या लक्षात आलं, आणि चुकीचं आलं. सिस्टर गप्पा मारत बसलेल्या आणि मांडीवरच्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर सारखा फिरतोय, जणू कापसाची वात वळताहेत. बायकोला वाटलं, रिटायर झाल्यावर सिस्टर देवाधर्माला लागल्या, वाती वळायचा सराव करताहेत. तिने कौतुकाने घरातला पेळूभर कापूस आणून त्यांच्यापुढे ठेवला. सिस्टरनी एकदा कापसाकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे. मग हाताला म्हणाल्या, “हालू नको.”

हात हलत राहिला. सेलूतला हा पहिला पेशंट, ज्याने त्यांचं ऐकलं नाही.

गल्लीने लगेच इलाज सुरू केले. कोणी म्हणे अशक्तपणा, कोणी म्हणे मोबाइलचा परिणाम, कोणी म्हणे गॅस. आमच्याकडे न कळणाऱ्या प्रत्येक दुखण्याचा शेवट गॅसवर होतो. सिस्टर सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. त्यांना काय झालंय ते त्यांना केव्हाच समजलं होतं, हे मला सावंगीला त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो तेव्हा कळलं. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने त्यांना चालायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली, कागदावर ओळ लिहायला लावली. मग पार्किन्सन हे नाव उच्चारताना त्याने आवाज इतका मऊ केला की मलाच रडू येईल असं वाटलं. सिस्टरनी मात्र एकच प्रश्न विचारला.

“हात किती वर्सं कामाचा राहीन?”

डॉक्टर म्हणाला, तसं सांगता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. गोळ्या वेळेवर घ्या, रोज चाला, व्यायाम करा. आणि हाताला काहीतरी काम द्या, एखादा छंद लावून घ्या, आवडीचं काहीतरी. माझी खात्री आहे, त्या भल्या माणसाच्या डोळ्यांपुढे लोकरीचं विणकाम असावं.

परतताना वर्धा मागे पडेपर्यंत सिस्टर रस्त्याकडेची झाडं पाहत होत्या. मी मनातल्या मनात धीराची वाक्यं जुळवत होतो. माझ्याकडे तशी पुष्कळ आहेत, शोकसभांना लागतात. तेवढ्यात मागून त्यांचं बोट माझ्या खांद्यात रुतलं.

“बंडू, आरामशिनीवर घे.”

लाकूड चिरायच्या त्या आरामशिनीवर त्यांनी सागाचे ओंडके असे तपासले जसे पेशंट पाठ करून झोपले आहेत. ठोकून पाहिलं, कान लावून पाहिला, एकाची साल खरवडली. मग एक बेताचा तुकडा निवडला. मला वाटलं, बसायला पाट करून घेणार असतील. विचारलं, तर म्हणाल्या, “बैल करतो मी. डॉक्टरनं लिहून देल्लं हाय.”

आता बैल का, हे समजायला तुम्हाला आमचा तान्हा पोळा माहीत पाहिजे. पोळ्याला खऱ्या बैलांचा मान. दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा. चाकं लावलेले, झूल-बाशिंग घातलेले बैल दोरीने ओढत गावातले सगळे पोट्टे मैदानात जमतात. दोन बांबूंना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. आमच्या गल्लीत एकेक बैल त्या तोरणाखालून पलीकडे न्यायची पद्धत आहे, पलीकडे परीक्षक खुर्च्या टाकून बसतात. सगळे बैल पाहून झाले की झडती म्हणायची, म्हणजे पोळ्याचं यमकातलं गाणं. शेवटी महादेवाचा जयघोष होतो, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. मग पोट्टे बैल घेऊन सुसाट सुटतात, घरोघरी जाऊन बोजारा मागतात. बोजारा म्हणजे खाऊ. बैलाला दाखवायचा आणि आपण खायचा.

सिस्टरचं माहेर हिंगणीचं. त्यांच्या दोन्ही भावांना आज्याने सागाचे बैल कोरून दिले होते. यांनी मागितला, तर उत्तर मिळालं, पोरीचा बैल नसते, पोरीनं ओवाळावं. त्यांनी ओवाळलं. आणि घरात कोणी नाही असं पाहून मोठ्या भावाच्या बैलाच्या मागच्या बाजूला बाभळीचा काटा खुपसला. हे मला त्यांनी स्कूटरवर सांगितलं, पायाशी ओंडका सांभाळत. इतकी वर्षं दवाखाना, घर, मास्तरांचं आजारपण. बैल राहूनच गेला. आता हात जाणार हे कळलं आणि जाण्याआधी त्याच्याकडून काय करवून घ्यायचं, ते त्यांनी वर्ध्याच्या अलीकडेच ठरवून टाकलं. आपल्या हाताने बैल करायचा आणि आपल्या पायाने, कोणी न धरता, तो तोरणाखालून न्यायचा.

अवजारं गुणवंता मिस्त्रीकडून आली. मिस्त्री पटाशा आणि कानशी घेऊन आला तेव्हाच नाराज होता. हे बाईमाणसाचं काम नाही, असं तो माझ्याकडे पाहून म्हणाला. सिस्टरनी त्याला धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते विचारलं. मिस्त्री एकदम शिकवायला बसला.

पहिल्या बैलाची कथा करुण आहे. डावी बाजू जरा जास्त छिलली गेली, म्हणून उजवी तेवढी छिलली. मग उजवी कमी झाली, म्हणून डावी. रोज सकाळी मी दुकानात जाताना पाहायचो: सोमवारी बैल होता, गुरुवारी गोऱ्हा, पुढच्या आठवड्यात बोकड. शेवटी मुंगसाच्या मापाचं काहीतरी उरलं, ते माझ्या बायकोने आमचं दार अडवायला मागून घेतलं. अजून तेच वापरतो.

दुसऱ्या ओंडक्यावर मात्र सिस्टरनी दवाखान्याची शिस्त लावली. गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने त्यांचं अंग मोकळं व्हायचं. मग काही वेळ हात बरा चालायचा आणि पुन्हा आखडायचा. त्या मधल्या मोकळ्या वेळात त्यांना कोणी हाक मारलेली चालत नसे. बीपीवाले छपरीत ताटकळत बसायचे. आलेला माणूस आधी बसलेल्याला विचारायचा, “सिस्टरची गोळी चढली का?” एकदा प्रेशर कुकर विकणारा एक परगावचा इसम हा प्रश्न ऐकून गेटातूनच परत गेला.

या हाताची एक मजा त्यांनी मला दाखवली. रिकामा ठेवला की तो जास्त नाचायचा. काम दिलं की बऱ्यापैकी गप्प व्हायचा. “आपल्या नगरपरिषदेच्या उलट हाय हा,” असं त्यांचं निदान. मग त्यांनी रिकाम्या वेळाचाही बंदोबस्त केला. मी एकदा संध्याकाळी गेलो तर सिस्टर डाव्या हाताने चहा पिताहेत, माझ्याशी बोलताहेत, आणि उजवा हात बैलाच्या पाठीवर नुसता टेकवलेला. हाताखाली पॉलिश पेपर. हात आपोआप थरथरतोय, पेपर घासला जातोय, भुसा पडतोय.

“फुकटची मशीन हाय,” त्या म्हणाल्या. “लाईटबिल नाई काई नाई.”

मी हसलो. त्याही हसल्या. चेहरा मात्र पूर्वीइतका हसला नाही. तो आताशा जरा उशिरा हसायला लागला होता, कधी कधी हसायचा राहूनच जायचा. मी ते पाहिलं आणि विनोद लांबवत नेला. ती एक कला मला येते.

या सगळ्यात अडचण होती प्रशांतची. पोरगा वाईट नव्हता, काळजी करणारा होता. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. पटाशीचं त्याला कळलं तेव्हा त्याने आईला निक्षून सांगितलं, एक जरी टाका पडला तरी मी येऊन तुला पुण्याला घेऊन जाईन. त्यानंतर सिस्टरना एकही टाका पडला नाही. म्हणजे पडले दोन-तीन, पण ते बाहेर गेले नाहीत. जखमा त्याच बांधायच्या, डाव्या हाताने. मे महिन्यातल्या एका कॉलला तर त्या चक्क लोकरीचे हातमोजे घालून बसल्या. तेव्हा आमच्याकडे डांबर पायाला चिकटत होतं. प्रशांतने विचारलं, आई, हातमोजे कशाला. “थंडी वाजून राह्यली,” असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी शेजारी टॉवेलने घाम पुसत होतो, तर मलाही म्हणाल्या, स्वेटर घाल.

श्रावण संपत आला तेव्हा बैल उभा राहिला. देखणा म्हणता येणार नाही. एक शिंग दुसऱ्यापेक्षा खाली होतं. चाकंही त्यांनी स्वतःच केलेली. त्यातलं एक पुरतं गोल झालं नव्हतं, त्यामुळे बैल चालताना दर फेरीला मान खाली घालून वर करायचा, एखाद्याचं म्हणणं पटल्यासारखा. पण डोळे असे उतरले होते की पाहणारा जागीच थांबायचा. गुणवंता मिस्त्री त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, “हा बैल गृहपाठ विचारन असा वाटते.”

मी सिस्टरकडे पाहिलं. त्या झुलीच्या कापडाला टाके घालत होत्या.

“सरसारखे झाले डोये,” त्या म्हणाल्या. “मुद्दाम नाई केले म्या.”

पोळ्याच्या दोन दिवस आधी प्रशांत न सांगता आला. पटाशा पाहिल्या, आईच्या बोटांवरच्या खुणा पाहिल्या, उंबरठ्यापाशी तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात तेही पाहिलं. हे नवीन होतं. मोकळ्या अंगणात सिस्टर चालायच्या, पण दार आलं की पाय थिजायचे. डोकं म्हणायचं चल, पाय म्हणायचे मालक कोण. प्रशांत मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, पोळा झाला की मी हिला नेतोय, तुम्ही मध्ये पडू नका. आईलाही त्याने तेच सांगितलं. सिस्टर भांडल्या नाहीत. एकदा माह्या बैलाले माह्या हातानं तोरणाखालून नेऊ दे, मग पाहू, एवढंच म्हणाल्या. त्या “मग पाहू”चा अर्थ प्रशांतने ‘जाणे’ असा लावला आणि त्यांनी ‘राहणे’ असा. मायलेकांचा निकाल आता बैलावर येऊन पडला.

नावनोंदणीच्या टेबलावर मी होतो. सिस्टर रांगेत उभ्या, पुढे-मागे पोट्टे. मी समितीने सांगितलेले प्रश्न विचारले. नाव? सिस्टर लिहा. वर्ग?

“बारावी पास. मंग नर्सिंग.”

शेजारी आमचे अध्यक्ष भाऊसाहेब बसले होते. भाऊसाहेब हे “या ठिकाणी” शिवाय वाक्य सुरू करत नाहीत. ते म्हणाले, “बाई, या ठिकाणी हा लहान मुलांचा कार्यक्रम आहे.”

“इनाम कोनाले देता भाऊ, पोट्ट्याले का बैलाले?”

“बैलाला.”

“मंग माहा बैल या म्हैन्यात झाला. याच्याहून लहान कोनाचा हाय, दाखवा.”

भाऊसाहेबांनी आजूबाजूचे बैल पाहिले. बहुतेक त्यांच्या मालकांच्या बापांच्या वेळचे होते. कुठल्याच नियमात बसत नव्हतं आणि कुठल्याच नियमाने अडत नव्हतं. त्यात भाऊसाहेबांच्या कमरेला सिस्टरची सुई किती वेळा लागली आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी मधला मार्ग काढला: बाईंनी सगळ्यांत आधी बैल न्यावा आणि बाजूला खुर्चीत बसावं, म्हणजे पुढचा कार्यक्रम सुरळीत होईल.

कार्यक्रम सुरळीत. बरं.

दुसऱ्या दिवशी मैदान गच्च भरलेलं. बांबूंमध्ये तोरण, तोरणामागे रांग, रांगेत सर्वांत पुढे नवी सुती साडी नेसलेल्या सिस्टर, हातात दोरी, मागे मान डोलावणारा बैल. गोळी त्यांनी हिशेबाने घेतली होती. मी माइकवरून असं काही वर्णन केलं की परीक्षकसुद्धा सरसावून बसले. सिस्टर निघाल्या. छान चालत आल्या. आणि तोरणाच्या बरोबर अलीकडे थांबल्या.

लोकांना वाटलं, नमस्कार करताहेत. मलाही आधी तसंच वाटलं. मग मी त्यांचे पाय पाहिले. टाचा किंचित उचलल्या जात होत्या, बोटं सुटत नव्हती. दोन बांबू, वर पानं: पायांनी त्याला दार ठरवलं होतं.

प्रशांत गर्दीतून पुढे आला. सिस्टरनी डाव्या हाताने त्याला थांब अशी खूण केली. तो थांबला, पण एक पाऊल पुढे टाकूनच थांबला. मागे रांग दाटायला लागली. एकाचा बैल दुसऱ्याच्या बैलाच्या पाठीवर चढला, एका चिमुकलीची झूल चाकात गेली, आयांनी बाहेरून आवाज द्यायला सुरुवात केली. मी माइकवरून वेळ काढत होतो. पाहुण्यांचं स्वागत झालं होतं ते पुन्हा केलं, मंडपवाल्याचे आभार मानले. भाऊसाहेबांना हे सहन होईना. त्यांनी माझ्या हातातून माइक ओढून घेतला. या ठिकाणी थोडा वेळ आहे तर एक झडती होऊन जाऊ द्या, असं म्हणाले आणि सुरूच झाले:

“लाकडाचा बैल माहा, चारा नाई खात,
पानी नाई पेत तरी मजबूत दात;
चाकाच्या पायावर गाव फिरून येते,
ज्यानं नाई पाह्यलं त्याले धडक देते…”

भाऊसाहेब झडती फार ठसक्यात म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज अंगात भिनलेला. त्यामुळे शेवटच्या ओळीनंतर जे म्हणायचं तेही त्यांच्या तोंडून आपोआप, पूर्ण ताकदीने गेलं: “हर हर महादेव.”

आता तुम्हीच सांगा. सकाळपासून पोट्टे याच शब्दांची वाट पाहत होते. त्यानंतर काय करायचं, हे त्यांना चालायला येण्याआधीपासून माहीत. सगळ्या मैदानाने जयघोषाला साथ दिली आणि पोळा फुटला. बांबूंच्या डावीकडून, उजवीकडून, दोरीखालून, परीक्षकांच्या खुर्च्यांमधून बैल सुटले. भाऊसाहेब माइकवर “अजून नाही, अजून नाही” म्हणत होते, पण जयघोष परत कसा घेणार. एका परीक्षकाचा चष्मा एका बैलाच्या शिंगाला अडकून गावात गेला. धूळ खाली बसली तेव्हा मैदानात एकही पोट्टा उरला नव्हता.

तोरण तेवढं तसंच होतं, आणि त्याच्या अलीकडे सिस्टर आणि त्यांचा बैल.

गाव कडेला उभं राहून बघत होतं. कोणी हसत नव्हतं. भाऊसाहेब तोरणाजवळ गेले. माइक अजून त्यांच्या हातात चालूच होता, म्हणून पुढचं सगळं सगळ्यांना ऐकू गेलं.

“भाऊ, तोरन तोडा.”

“तुम्ही आधी पलीकडे जा ना बाई. बैल गेल्याशिवाय तोडत नसतात.”

“हे दार हाय तवरिक पाय उचलत नाई माहे. तोडा तुम्ही, मी जातो.”

मला वाटलं, भाऊसाहेब आता भाषण करणार. त्यांनी माइक खाली ठेवला. टोपी सरळ केली. दोन्ही हात वर करून तोरण ओढलं आणि तुटलेली दोरी अदबीने बाजूला घेऊन उभे राहिले. शिवाय एक बांबूही त्यांनी उपटून काढला. त्याची पद्धत नाही.

सिस्टर निघाल्या. पहिलं पाऊल लहान, दुसरं त्याहून बरं, मग चालल्याच. मागे बैल, दर फेरीला मान हलवत, हो हो म्हणत. परीक्षकांसमोर आल्या आणि तिथे थांबायचं होतं, पण या दुखण्याची गंमत अशी की सुटलेले पाय थांबायलाही ऐकत नाहीत. त्या परीक्षकांना मागे टाकून, पाहुण्यांना मागे टाकून, भराभर पावलं टाकत रसवंतीच्या दिशेने निघाल्या. प्रशांत धावला. दोघं एकदमच कलंडायला आले होते, आई एकीकडे, बैल एकीकडे. प्रशांतने आधी बैल सावरला आणि मग आईला.

सिस्टर रसवंतीच्या बाकाला टेकल्या, दम खाल्ला आणि त्यांनी मुलाकडे पाहिलं. “शिंग धरलं तू पहिले,” त्या म्हणाल्या. प्रशांत ओशाळला. त्याला त्या रागावल्या आहेत असं वाटलं. चेहरा हसत नसला की असा घोटाळा होतो.

इनामाचा प्रश्न मोठा झाला. भाऊसाहेबांचं म्हणणं स्पर्धा झालीच नाही. परीक्षकांचं म्हणणं आम्ही एकच बैल पाहिला, पण तो नीट पाहिला. शेवटी पहिलं इनाम सिस्टरना मिळालं: गुलाबी दप्तर, त्यावर डोळे मिचकावणारं मांजर. बाकी सगळ्या पोट्ट्यांना खाऊ वाटून आयांना शांत केलं. सिस्टर ते दप्तर पुढे कायम वापरत. सावंगीला दाखवायला जाताना फायली त्यातच असायच्या.

आणि त्यानंतर त्या घरी गेल्या असतील असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला त्या अजून कळल्या नाहीत. पोळा फुटला की बोजारा मागायचा असतो. त्या भाऊसाहेबांच्या दारापासून सुरू झाल्या. पाय दमलेले, म्हणून बैल प्रशांतने ओढला. चांगला पस्तिशीचा, चष्मा लावलेला इंजिनीअर लाकडी बैल ओढत गल्लीभर फिरला. माझ्या घरून शेव-चिवडा घेतला आणि मूठ लहान आहे म्हणून तक्रारही केली, सिस्टरनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांतने गाडीत बॅगा ठेवायला दार उघडलं तर छपरीत रांग. पोट्टे आणि पोट्ट्या. ज्यांना या घरासमोरून जाताना सुईची भीती वाटायची, ते सगळे. प्रत्येकाला मान हलवणारा बैल हवा होता. सिस्टरनी रांगेवरून नजर फिरवली आणि पोट्ट्यांना पुढे, पोरींना म्हणजे, आणि पोरांना मागे उभं केलं. पोरं कुरकुरली. “तुमच्या आज्यायले इचारा काऊन ते,” एवढं उत्तर त्यांना मिळालं. प्रशांतने हातातली बॅग खाली ठेवून रांग शेवटपर्यंत मोजली. मग त्याने आपली बॅग गाडीत ठेवली, आईची परत घरात नेली, आणि जाताना गुणवंता मिस्त्रीला बोटांना घालायची चामड्याची टोपणं करून द्यायला सांगितलं.

त्यानंतर दोन तान्हे पोळे सिस्टरनी केले. बैल फार झाले नाहीत, हात दिवसेंदिवस कमी वेळ देऊ लागला. जे झाले ते सगळे मान हलवणारे. पोट्टे गोल चाक घ्यायला तयारच नव्हते. मिस्त्री मुद्दाम वाकडं चाक करायला शिकला आणि ते त्याला नीट जमत नसे.

मग दोनदा त्या न्हाणीत पडल्या. आवाज बारीक होत गेला. ज्या आवाजाने पैलवान गजाला खिळायचे, तो ऐकायला मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागे. त्या कानात सांगायच्या. त्यांचं सांगणं मी मोठ्याने लोकांना सांगायचो. माइक हातात धरून आयुष्य गेलं, शेवटी माइक व्हायचीही पाळी आली. मागच्या दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, आता पुण्याले जातो. प्रशांतने काही म्हटलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, जसं सगळंच.

निघायच्या दिवशी सामान थोडंच होतं, पण एक बैल अर्धवट राहिला होता, चांगला थोरला. खूर, पाठ, शिंगं झालेली. कान व्हायचे होते. तो डिक्कीत मावेना. मागे सिस्टरना पाय लांब करून बसायचं होतं. शेवटी तो पुढच्या सीटवर बसवला. प्रशांतने गाडी सुरू केली तर गाडी टुंटुं करायला लागली. त्याने सगळी दारं उघडून लावली, तरी टुंटुं. गाडीच्या मते पुढे कोणीतरी बसलं होतं आणि त्याने पट्टा लावला नव्हता. प्रशांतने बैलाच्या छातीवरून पट्टा ओढून खटकन लावला, तेव्हा ती गप्प झाली. भाऊसाहेब नारळ घेऊन आले होते. त्यांनी एक सिस्टरना दिला आणि एक बैलाच्या पुढ्यात ठेवला.

मागची काच खाली झाली. सिस्टर काहीतरी म्हणाल्या. मी डोकं आत घातलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि मी ताठ उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं प्रशांतला सांगितलं: “शिंगाकडे पाहून ब्रेक मारजो म्हणतात.”

गाडी निघाली. पोट्टे चौकापर्यंत मागे धावले. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून पाहत होतो. चौकात म्हैस आडवी आली, तेव्हा प्रशांतने ब्रेक इतका अलगद दाबला की गाडी थांबली हे म्हशीलाही कळलं नसावं. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत राहिला, ओरडत राहिला, हात हवेत नाचवत राहिला. म्हैस गेली, रस्ता पार वर्ध्यापर्यंत मोकळा दिसत होता. प्रशांतने वेग काही वाढवला नाही.